कोलंबस, इंडियाना: ५० हजारांचा आकडा बाजूला ठेवा, आधी नकाशा बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कोथरूडचे, इंजिन डिझाईनमध्ये आहात, कंपनी तीन वर्षांसाठी कोलंबस, इंडियानाला पाठवतेय, सोबत बायको आणि सात वर्षांची मुलगी. विकिपीडिया उघडला तर वस्ती जेमतेम ५० हजार, ते वाचून घरात सगळ्यांचे चेहरे पडले. "हे तर तालुक्याचं गाव झालं, तीन वर्षं करायचं काय तिथे? आणि ओढ्याकाठचा एक फ्लॅट बाकीच्यांपेक्षा बराच स्वस्त मिळतोय, तो पक्का करून टाकू का?" असं तुम्ही विचारलंय.

माझं सांगायचं तर माहेर फलटण, शिक्षण नगररचनेचं, पुण्यात सहा वर्षं डीपी (शहराचा विकास आराखडा) आणि पूररेषेच्या नकाशांवर काम केलं आणि २०११ मध्ये नवऱ्याच्या बदलीमुळे कोलंबसला आले. पहिली दोन वर्षं व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती म्हणून घरीच होते, तेव्हा बाबागाडी ढकलत अख्खं गाव पायी पालथं घातलंय. पुढे पुन्हा नकाशांच्याच कामात शिरले, एकूण नऊ वर्षं तिथे राहिलो, आता इंडियानापोलिसजवळ असतो पण महिन्या-दोन महिन्यांनी तिकडे फेरी होतेच. म्हणजे जे सांगतेय ते राहून आणि मोजून सांगतेय, पण प्रत्येकाचं कुटुंब वेगळं, त्यामुळे कुठे-कुठे "हे तुमच्यावर अवलंबून" असं म्हणावं लागेल, ते चालवून घ्या.

कामाचं बोलायच्या आधी एक सूचना, हसू नका. अमेरिकेत कोलंबस नावाची गावं ढिगाने आहेत आणि सगळ्यात मोठं आहे ओहायोत, ती त्या राज्याची राजधानी, वस्ती ९ लाखांच्या आसपास. आमच्या ओळखीच्या एका मुलाने आईवडलांचं तिकीट घाईघाईत काढलं आणि ते दोघं उतरले ओहायोच्या कोलंबसला, हा इकडे इंडियानापोलिसच्या विमानतळावर नावाची पाटी धरून उभा. काकांचा फोन, "अरे आम्ही पोचलो, तू कुठेस?" मग हा तीन तासांच्या वर गाडी चालवत त्यांना आणायला गेला आणि काकू म्हणे सगळं सामान मांडून बाकावर शांतपणे चिवडा खात बसल्या होत्या. तर तुमचं विमानतळ इंडियानापोलिस, तिथून गाडीने साधारण तासाभरात कोलंबस. गावाला स्वतःचा एअरपोर्ट आहे, पण तिथे नेहमीची प्रवासी विमानं येत नाहीत, तो जुना लष्करी तळ आहे.

आता त्या ५० हजारांच्या आकड्याकडे येऊ. २०२० च्या जनगणनेत कोलंबसची लोकसंख्या ५०,४७४. माझ्या माहेरची, फलटणची, २०११ च्या जनगणनेत साधारण ५२ हजार होती, म्हणजे कागदावर दोन्ही गावं सारखीच. (गंमत म्हणजे कोलंबसला जिचं मुख्यालय आहे त्या इंजिनवाल्या कमिन्स कंपनीचा फलटणलाही मोठा कारखाना आहे, त्यामुळे मी माहेरहून निघून माहेरीच आले असं नवरा चिडवतो.) पण फलटणच्या बाजारात रविवारी पाय ठेवायला जागा नसते आणि कोलंबसच्या फुटपाथवर मंगळवारी दुपारी तुम्हाला एक माणूस दिसला तर तो तुमच्याकडे बघून हात करेल, इतका फरक आहे, कारण हीच वस्ती इथे जवळजवळ २८ चौरस मैलांवर पसरलीय, म्हणजे चौरस किलोमीटरला सातशेच्या आसपास माणसं. आपल्याला गाव "भरलेलं" वाटतं ते माणसांच्या आकड्यामुळे नाही, दाटीमुळे, आणि ती दाटी इथे नाहीच. तुमच्या घरच्यांना पहिल्या महिन्यात जे खायला उठेल ना ते हे. गाव लहान आहे म्हणून नाही, रस्त्यावर कोणी नाही म्हणून.

दुसरं, आकडा एकटा बघू नका, मागचे आकडे शेजारी ठेवून बघा. १९९० ला ३१,८०२, २००० ला ३९,०५९, २०१० ला ४४,०६१ आणि २०२० ला ५०,४७४. शेवटच्या दहा वर्षांत साडेचौदा टक्के वाढ, त्याच काळात अख्ख्या इंडियाना राज्याची वाढ पाच टक्क्यांच्याही आत. मिडवेस्टमधली या आकाराची कारखान्याची कितीतरी गावं गेल्या चाळीस वर्षांत रिकामी होत गेलीत, मेन स्ट्रीटवर दुकानांना फळ्या ठोकलेल्या, हे गाव उलट वाढतंय. आता इथे आमच्या धंद्यातला एक जुना इशारा देते, वाढ बघताना हद्द तीच आहे का तेही बघायचं असतं. पुणे महापालिकेत २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं घेतली, तेव्हा पुण्याची वस्ती "वाढली", पण त्या गावातली माणसं तिथेच होती ना आधीपासून. अमेरिकेतली शहरंही कडेच्या वसाहती हद्दीत घेत असतात. तरीपण कोलंबसची गेल्या काही वर्षांतली वाढ ही खरीखुरी माणसं येऊन झालेली आहे, आणि त्यात आपली माणसं बरीच आहेत. एशियन लोकांचं प्रमाण राज्याच्या सरासरीच्या कितीतरी वर आहे. माझ्या लेकीच्या वर्गात पहिल्या दिवशी बाईंनी हजेरी घेताना "आर्या" हे नाव अगदी बरोबर उच्चारलं तेव्हा मीच चकित झाले, नंतर कळलं की आदल्याच वर्षी त्यांच्या वर्गात दोन आर्या होत्या.

नवीन गाव वाचायचं तर मी आधी बघते पाणी कुठून येतं नि कुठे जातं, मग रस्ता कुठून आला, मग पगार कोण देतं. शाळा, दुकानं, देऊळ, गर्दी ही सगळी त्यातूनच येतात. कोलंबसला हे तिन्ही इतकं स्वच्छ दिसतं की विद्यार्थ्यांना शिकवायला घ्यावं.

पाण्यापासून सुरू करते कारण तुमचा फ्लॅट त्यात अडकलाय. गावाच्या पश्चिमेला ड्रिफ्टवूड आणि फ्लॅटरॉक या दोन नद्या येऊन मिळतात आणि तिथून पुढे तिचं नाव व्हाईट नदीचा पूर्व फाटा, ईस्ट फोर्क. आपल्याकडे कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आहे तसा हा संगम, फक्त घाट नाही आणि देऊळ नाही, झाडीतून खाली उतरलं की सरळ मातीचा काठ. हे पाणी पुढे वॉबॅश, मग ओहायो, मग मिसिसिपी असं करत थेट मेक्सिकोच्या आखातात जातं. शिवाय गावाच्या पूर्व भागातून हॉ क्रीक आणि क्लिफ्टी क्रीक असे दोन ओढे वाहतात. म्हणजे जुनं गाव पश्चिमेला नदी आणि पूर्वेला ओढा यांच्या मधल्या सपाट जमिनीवर बसलंय. हिमयुगातल्या बर्फाने घासून सपाट केलेली ही जमीन, उत्तरेला आणि पूर्वेला नजर जाईल तिथवर मका आणि सोयाबीन. पश्चिमेला जेमतेम अर्धा तास गेलात की मात्र एकदम डोंगर लागतात, तो ब्राऊन काउंटीचा भाग, तिथे बर्फाची ती चादर पोचलीच नव्हती म्हणून चढउतार शिल्लक राहिलेत. ऑक्टोबरात पानं रंगली की अख्खं इंडियाना तिकडे लोटतं, तेव्हा तुम्हाला ट्रॅफिक जॅमची हौस भागवता येईल.

हे ओढे वर्षातले अकरा महिने बघितले तर तुम्ही म्हणाल याला काय घाबरायचं, आमच्या आंबील ओढ्यापेक्षाही गरीब दिसतात. २०१९ च्या सप्टेंबरात आंबील ओढ्याने काय केलं ते पुण्यात सगळ्यांना माहितीय. कोलंबसला तेच २००८ च्या जून महिन्यात झालं. ७ जूनला इतका पाऊस पडला की हॉ क्रीक भराभर चढला आणि पाणी गावातल्या मुख्य हॉस्पिटलमध्ये शिरलं, तळघर पूर्ण भरलं, वीज गेली, १५७ पेशंट बाहेर काढावे लागले आणि हॉस्पिटल कित्येक महिने बंद राहिलं. कमिन्सच्या टेक्निकल सेंटरमध्येही पाणी शिरलं होतं. मी आले तेव्हा तीन वर्षं उलटून गेली होती तरी शेजारच्या आजी जिन्याच्या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते बोटाने दाखवायच्या, आणि ते बोट माझ्या खांद्याच्या वर जायचं.

आता तुमचा फ्लॅट. पुण्यात आपण निळी रेषा आणि लाल रेषा म्हणतो, निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. अमेरिकेत फेमा नावाची केंद्र सरकारची संस्था असेच नकाशे काढते, वेबसाईटवर पत्ता टाकला की फुकटात दिसतात. "शंभर वर्षांतून एकदा" ऐकून लोक निवांत होतात, तसं नसतं हो, त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता, या वर्षी आला म्हणून पुढची नव्याण्णव वर्षं सुट्टी असं काही पाण्याला कळत नाही. तुम्ही तीन वर्षंच राहणार, तर हिशेबाने साधारण तीन टक्के, म्हणजे नगण्य, असं कोणी म्हणेल. घर विकत घेत असता तर मी सरळ नाही म्हटलं असतं. भाड्याने घेताय तर उत्तर मजल्यावर अवलंबून आहे. दुसरा मजला असेल आणि गाडी उंचावर लावायची सोय असेल तर मी फार अडवणार नाही, तळमजला किंवा खाली बेसमेंट असेल तर स्वस्त का मिळतोय ते तुम्हाला कळलंच असेल.

हे मी पोथीतलं सांगत नाहीये. आम्ही पहिलं घर असंच घेतलं होतं, ओढ्यापासून चार मिनिटांवर, खाली सामान ठेवायला तळघरात एक खोली. मी पूररेषेच्या नकाशांवर सहा वर्षं काम केलेली बाई आणि स्वतःच्या घराचा नकाशा बघितला नाही, कारण काय तर जेट लॅग आणि स्वयंपाकघर मोठं होतं. दुसऱ्या जूनमध्ये पूर वगैरे काही नाही, नुसता तीन दिवस सलग पाऊस, आणि खालच्या खोलीत घोट्याएवढं पाणी. लग्नाचा अल्बम, गौरीच्या साड्या, नवऱ्याच्या वडिलांची हातानं लिहिलेली पाककृतींची वही, सगळं एका रात्रीत लगदा. घरमालक कंपनीने शांतपणे करारातलं कलम दाखवलं की तळघरातल्या सामानाची जबाबदारी भाडेकरूची, आणि विम्यावाल्याने सांगितलं की बाहेरून आलेलं पुराचं पाणी भाडेकरूच्या साध्या पॉलिसीत बसत नाही, त्यासाठी वेगळा फ्लड इन्शुरन्स घ्यावा लागतो. दोघंही नियमाने बरोबर होते. साड्या मी वाळवून बघितल्या, जरीचा काळा रंग गेला नाही तो नाहीच. म्हणून सांगते, फ्लड मॅप बघा आणि सही करायच्या आधी एजंटला "२००८ ला इथे पाणी आलं होतं का" हे लेखी विचारा, फोनवर नको.

पाण्याशी कसं वागावं हेही याच गावात बघायला मिळतं. संगमाच्या काठावर मिल रेस पार्क आहे. तिथे पूर्वी गरीब लोकांची झोपडीवजा वस्ती होती, सतत पाणी घुसायचं, लोक त्या भागाला "डेथ व्हॅली" म्हणायचे. पुढे तिथे घरं बांधणं सोडून देऊन बाग केली आणि १९९२ मध्ये मायकेल व्हॅन व्हॉल्कनबर्ग यांनी तिची नव्याने आखणी केली, ती या हिशेबाने की नदीला पाहिजे तेव्हा तिने आत यावं. पाणी येतं, बाकं बुडतात, चार दिवसांनी ओसरतं, पालिकेचे लोक चिखल धुतात, पोरं परत खेळायला. आपल्याकडे नदीपात्रात भिंती बांधून रस्ता काढायचा की नाही यावर तीस वर्षं भांडतोय आपण, त्या प्रत्येकाला एकदा मार्चमध्ये या बागेत आणून उभं करावंसं वाटतं. असो.

इतिहास मी पटकन सांगते, कारण गावाचं आजचं रूप त्यातल्या थोड्याच गोष्टींवर ठरलंय. हा मुलूख मूळ लेनापे म्हणजे डेलावेअर आणि मायामी लोकांचा. १८१६ ला इंडियाना राज्य झालं, १८१८ च्या सेंट मेरीज करारांनी मध्य इंडियानाची जमीन त्यांच्याकडून काढून घेतली गेली, आणि तीनच वर्षांत, १८२१ मध्ये, इथे काउंटी आणि गाव दोन्ही कागदावर आले. कुठलाही टूर गाईड "१८२१ ला गाव वसलं" असं म्हणतो तेव्हा त्याच्या तीन वर्षं आधी कोण उठून गेलं हे डोक्यात ठेवा एवढंच. जनरल जॉन टिप्टन नावाच्या माणसाने गावासाठी जमीन दिली म्हणून नाव ठेवलं टिप्टोना. काही आठवड्यांतच, २० मार्च १८२१ ला, नाव बदलून कोलंबस केलं. टिप्टन रुसला आणि गाव सोडून गेला असं म्हणतात. पुढे तो रस्त्यांचा कमिशनर झाला, आणि इंडियानापोलिसहून दक्षिणेला जाणारा रस्ता आखताना त्याने मुद्दाम गावाला बगल दिली, अमेरिकेतला पहिला बायपास तो हाच, अशी कथा गावकरी रंगवून सांगतात. पुरावा काही नाही, पण जमीन देणाऱ्याचं नाव पाटीवरून काढलं तर काय होतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

रस्त्याचं म्हणाल तर टिप्टनचा राग फार टिकला नाही. १८४४ मध्ये ओहायो नदीवरच्या मॅडिसनकडून रेल्वे कोलंबसपर्यंत पोचली, मका आणि डुकरं बाहेर जायला लागली, गिरण्या आल्या. आज गावाच्या पश्चिमेने इंटरस्टेट ६५ जातो, उत्तरेला इंडियानापोलिस साधारण पाऊण तास, दक्षिणेला लुईव्हिल सव्वा तास. प्रवासी रेल्वे मात्र नाही. गावात सिटी बस आहे, तिचं नाव "कोलंबस" यातल्या शेवटच्या "बस" वर कोटी करून ठेवलंय, पुणेकरांना आवडेल असलं. पण मुलीच्या शाळा आणि क्लासच्या वेळा सांभाळायच्या तर एका घरात दोन गाड्या लागतात, बायकोला येण्याआधी गाडीचा सराव करू द्या. हे खरंच मनावर घ्या. माझ्या बघण्यात जी कुटुंबं मुदतीच्या आधी परत गेली त्यातल्या बहुतेकांचं कारण थंडी नव्हतं, एकजण ऑफिसला गाडी घेऊन गेला की दुसरी घरात अडकायची हे होतं.

आता पगार, म्हणजे गावाचा कणा. डब्ल्यू. जी. अर्विन हे इथले बँकर, आणि क्लेसी कमिन्स हा त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर. या ड्रायव्हरला इंजिनांचं वेड. १९१९ मध्ये मालकाच्या पैशावर त्याने डिझेल इंजिनची कंपनी काढली आणि जवळजवळ अठरा वर्षं तिने तोटाच केला, पहिला नफा दिसला १९३७ मध्ये. १९२९ च्या नाताळात त्याने एका जुन्या पॅकार्ड मोटारीत डिझेल इंजिन बसवून मालकालाच फेरफटका मारून आणला, म्हणजे मालक पैसे बंद करायच्या बेतात असताना मागच्या सीटवर बसवून पटवला त्याला. १९३१ ला इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत कमिन्सचं इंजिन लावलेली गाडी एकदाही न थांबता पूर्ण धावली, तेराव्या नंबरावर आली खरी, पण डिझेल किती कमी लागतं ते जगाला दिसलं. पुढचं तुम्हाला माहितीय, १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर पुण्यात कंपनी निघाली, कोथरूडला कारखाना उभा राहिला, १९९१ ला कर्वेनगरात मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज त्याच नावाने सुरू झालं. म्हणजे तुमचं कोथरूड आणि हे कोलंबस गेली साठ वर्षं एकमेकांना ओळखतात, तुम्हीच पहिले चाललाय असं नाही.

"कंपनीचं काही झालं तर गावाचं काय" ही तुमची शंका रास्त आहे. एका कंपनीच्या पगारावर चालणाऱ्या गावाला तिच्या सर्दीने ताप येतो. तुमच्यापुरतं उत्तर असं की तुम्ही तीन वर्षांच्या असाईनमेंटवर आहात, तर घर विकत घेऊ नका, विषय संपला. गावापुरतं म्हणाल तर आता फक्त एकच कंपनी राहिलेली नाही, टोयोटाचा फोर्कलिफ्टचा कारखाना १९९० पासून आहे, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या जपानी कंपन्या आहेत, त्यामुळे दुकानात जपानी तांदूळ आणि आपला सोना मसुरी शेजारी शेजारी दिसतात. तरी मुख्य चूल कमिन्सचीच.

आणि या चुलीवरच या गावाची सगळ्यात वेगळी गोष्ट शिजली, ती मी जरा सावकाश सांगते. अर्विन यांचे नातलग जे. अर्विन मिलर १९३४ मध्ये कंपनीत आले आणि पुढे तिचे प्रमुख झाले. महायुद्ध संपलं, गावात पोरांची संख्या वाढली, शाळा कमी पडल्या आणि घाईत स्वस्तातल्या शाळा उभ्या रहायला लागल्या. मिलरना दुसरी चिंताही होती, चांगला इंजिनिअर शिकागो-न्यूयॉर्क सोडून या मक्याच्या शेतात कशाला येईल? (तुमच्या घरात आत्ता जी चर्चा चाललीय, तीच.) त्यांनी कंपनीच्या फाऊंडेशनतर्फे स्कूल बोर्डाला सांगितलं की शाळा उत्तम आर्किटेक्टकडून बांधून घ्या, त्याची फी आम्ही भरू, अट एकच, आम्ही देऊ त्या यादीतला आर्किटेक्ट निवडायचा. निवड बोर्डाची, बांधकामाचा खर्च गावाचा. १९५७ मध्ये हॅरी वीझ यांनी बांधलेली पहिली शाळा उघडली आणि मग ही सवयच लागली, पुढच्या शाळा, फायर स्टेशनं, सिटी हॉल, अगदी तुरुंगापर्यंत. व्यवसायातली म्हणून सांगते, फुकट पैसे कोणीही देईल, यात हुशारी कुठे आहे तर इमारत दिली नाही, फक्त फी दिली. इमारत गावाने स्वतःच्या कराच्या पैशाने बांधली, त्यामुळे ती गावाची राहिली आणि देखभालही गावच करतं. आपल्याकडे देणगीतून उभ्या राहिलेल्या आणि पाच वर्षांत कुलूप लागलेल्या सभागृहांची यादी करायला बसलं तर रात्र पुरणार नाही.

त्यामुळे आज ५० हजारांच्या गावात अशा सत्तरच्या वर इमारती आहेत आणि अमेरिकेच्या आर्किटेक्ट संस्थेने एकदा वास्तुकलेतल्या नावीन्यासाठी या गावाला शिकागो, न्यूयॉर्क यांच्या पंगतीत सहावा नंबर दिला होता. १९४२ चं फर्स्ट ख्रिश्चन चर्च एलिएल सारिनेन यांचं, त्यांचा मुलगा इरो याने १९५४ ची काचेची बँक केली, मिलर कुटुंबाचं घर केलं, आणि सुईसारखं टोक असलेलं नॉर्थ ख्रिश्चन चर्चही, ते पूर्ण झालं १९६४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. तुमच्या रोजच्या उपयोगाची आहे ती आय. एम. पेई यांची १९६९ ची लायब्ररी. विटांची साधी इमारत, समोर विटांचंच पटांगण आणि त्यात हेन्री मूर यांची ब्राँझची प्रचंड कमान, दोन मजली घराएवढी. माझी मुलगी त्या कमानीखाली चालायला शिकली हे अक्षरशः खरं आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी ब्राँझ तापलेलं असतं, पोरं त्याला पाठ टेकवून पुस्तकं वाचत बसतात, कोणी ओरडत नाही. मुलीचं लायब्ररी कार्ड पहिल्याच आठवड्यात काढा. वॉशिंग्टन स्ट्रीटवर १९०० सालापासूनचं झाहाराकोज आईस्क्रीमचं दुकान आहे, आत जुना संगमरवरी काउंटर आणि आपोआप वाजणारा भलामोठा ऑर्गन, पाहुण्यांना न्यायला बरं. शाकाहारी असाल तर गावात जेवणाचे पर्याय मोजकेच, त्यापेक्षा घरीच पोळी-भाजी करून नंतर आईस्क्रीम खायला जा, आम्ही तेच करायचो.

या इमारतींनी तीन वर्षं करमेल का? खरं सांगू, सगळ्यांना नाही करमत. माझ्या नवऱ्याला नऊ वर्षांत बँक आणि चर्च यातला फरक सांगता आला नाही आणि तरी तो तिथे माझ्यापेक्षा खुशीत होता, कारण ऑफिस दहा मिनिटांवर, संध्याकाळी साडेपाचला घरी, पोरीबरोबर सायकल. तुम्हाला नाटकं, गर्दी, रात्री अकराला भेळ लागत असेल तर जड जाईल, त्याला इलाज नाही. मोठं देऊळ आणि मोठं किराणा दुकान यासाठी इंडियानापोलिस गाठावं लागतं, गणपतीत तर आम्ही तीन गाड्या करून जायचो. सातव्या वर्षाच्या मुलीला मात्र हे गाव मानवतं, चौदाव्या वर्षाच्या मुलाबद्दल विचारलं असतंत तर मी इतक्या ठामपणे बोलले नसते. जानेवारीत रात्री पारा शून्याच्या बराच खाली असतो, उन्हाळा पुण्यापेक्षा दमट. टोर्नेडोचा सायरन पहिल्यांदा वाजला की घाबरायला होतं, शाळेत पोरांना त्याचा सराव असतो, तीच घरी येऊन तुम्हाला शिकवतील. आईला फोन करायचं गणित लिहून ठेवा, हिवाळ्यात पुणे साडेदहा तास पुढे, उन्हाळ्यात साडेनऊ. इंडियानाने घड्याळ पुढे-मागे करणं राज्यभर सुरू केलं तेच मुळी २००६ मध्ये, त्यामुळे जुने लोक अजूनही त्यावरून कुरकुरतात, लिफ्टमध्ये बोलायला विषय नसेल तर तो काढा.

थोडक्यात तुमच्या तीन प्रश्नांचं म्हणाल तर: गाव लहान आहे पण वाढतंय आणि आपल्या लोकांना सरावलेलं आहे, घर भाड्यानेच घ्या, आणि तो ओढ्याकाठचा फ्लॅट मजला कळेपर्यंत पक्का करू नका. जाहिरातीत नुसतं "क्रीक व्ह्यू" लिहिलंय, मजला लिहिलेला नाही, आणि तोच मला खटकतोय. पूर्ण पत्ता इथे टाकू नका, जवळच्या दोन रस्त्यांची नावं तेवढी मला मेसेज करा. उद्या शनिवार आहे, सकाळी चहा झाला की फ्लड मॅप उघडून बघते आणि दुपारपर्यंत कळवते.